‘बंद होणार’ असे लिहिण्यापूर्वी : एसटीप्रेमी मित्रांना खुले पत्र

प्रति,
राज्यभरातील सर्व एसटीप्रेमी, तसेच बसगाड्यांची छायाचित्रे काढणारी आणि त्यांच्याविषयी आवडीने लिहिणारी मित्रमंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एसटीच्या कार्यशाळेत बसबांधणीच्या विभागात तीस वर्षे काम केले आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नुसती चासी, म्हणजे इंजिन आणि चाके असलेला गाडीचा खालचा तळ, कार्यशाळेच्या दारात यायची, तिच्यावर सांगाडा उभा राहायचा, पत्रा चढायचा, आसने बसायची, लाल रंगाचा हात फिरायचा आणि गाडी पासिंगला जायची, हे मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. आपल्यापैकी अनेकजण वयाने माझ्या मुलांएवढे आहेत, पण एखाद्या गाडीचा नुसता मागचा दिवा पाहून ती कोणत्या वर्षीची असावी हे आपण सांगता तेव्हा मला मनापासून आनंद होतो. ज्या कामाकडे आमच्या काळी कोणी वळून पाहत नव्हते, त्याची आपण नोंद ठेवता. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

गेल्या काही वर्षांत एकामागून एक बातम्या माझ्या कानावर येत आहेत. अशोक लेलँड आपल्या वायकिंग या बसची चासी बंद करणार आहे, टाटा पुढच्या बाजूला इंजिन असलेल्या गाड्या बनवणार नाही, ॲल्युमिनियमच्या सगळ्या गाड्या एका फटक्यात मोडीत निघणार आहेत, व्होल्वो देश सोडून चालली आहे, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील तिन्ही मध्यवर्ती कार्यशाळांना टाळे लागणार आहे आणि लालपरी हे नावच इतिहासजमा होणार आहे. यातली प्रत्येक बातमी कुठल्यातरी खऱ्या घटनेच्या कडेने निघालेली असते, हे मी मान्य करतो. परंतु घटना आणि बातमी यांच्यामध्ये जे अंतर पडते ते फार मोठे असते, आणि त्या अंतराचा त्रास ज्यांना होतो ती माणसे आपल्या चर्चेत नसतात.

आपण ‘ही गाडी बंद होणार’ असे लिहिता तेव्हा आपल्या मनात एक मॉडेल असते. खेड्यातला माणूस तेच वाक्य वाचतो तेव्हा त्याच्या मनात त्याची मुक्कामी गाडी असते. जी संध्याकाळी गावात येऊन थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते, तीच त्याच्या दृष्टीने एसटी. ती वायकिंग आहे की टाटाची, धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या बीएस-३ मानकाची आहे की नव्या बीएस-६ ची, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. माझ्या नात्यातल्या एका शिक्षकांनी मला एकदा रात्री दूरध्वनी करून विचारले होते की, लाल गाड्या मार्चपासून बंद होणार हे खरे आहे का, कारण त्यांच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुली एसटीच्या मोफत पासावर येतात आणि दोन पालकांनी मुलींना पुढच्या वर्षी घरीच ठेवायचे मनात आणले आहे. मूळ मजकूर एवढाच होता की, एका जुन्या मालिकेतल्या काही गाड्यांची मुदत संपत आली आहे. तो चार हातांतून जाताना ‘लाल गाड्या बंद’ असा झाला होता. मी त्यांना समजावले, त्यांनी पालकांना समजावले. परंतु ज्या गावांत असे विचारणारे कोणी नसेल तिथे काय होत असेल, हा विचार त्या रात्रीपासून माझ्या मनातून जात नाही.

‘बंद’ या एका शब्दात अनेक वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, असे माझे निरीक्षण आहे. कंपनीने चासी बनवणे थांबवणे वेगळे, महामंडळाने ती विकत घेणे थांबवणे वेगळे, कार्यशाळेने तिच्यावर बांधणी थांबवणे वेगळे आणि रस्त्यावर असलेल्या गाडीची नोंदणी संपणे तर पूर्णच वेगळे. यांतली एक गोष्ट झाली म्हणून बाकीच्या लगेच होत नाहीत, आणि कधीकधी वर्षानुवर्षे होत नाहीत.

कंपन्यांचेच पाहा. टाटा मोटर्स आणि ब्राझीलची मार्कोपोलो यांची भागीदारी २००६ मध्ये ठरली आणि त्यातून धारवाडला मोठा बस कारखाना उभा राहिला. २०२० च्या डिसेंबरमध्ये मार्कोपोलो आपला ४९ टक्के हिस्सा टाटांना विकून भागीदारीतून बाहेर पडणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा ‘मार्कोपोलो बंद’ अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात कारखान्याची मालकी पूर्णपणे टाटांकडे आली आणि बसगाड्या बनत राहिल्या. त्याच वर्षी व्होल्वोचा भारतातला बसव्यवसाय आयशरबरोबरच्या संयुक्त कंपनीत सामील करण्यात आला, आणि तेव्हाही ‘व्होल्वो चालली’ असेच म्हटले गेले. २०२५ मध्ये महिंद्राने एसएमएल इसुझू या बस बनवणाऱ्या कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेण्याचे ठरवले, तर टाटा मोटर्सने मोटारी आणि व्यापारी वाहने हे दोन व्यवसाय दोन कंपन्यांत विभागले. भागभांडवल कोणाच्या हातात आहे हा कंपनीच्या कागदपत्रांचा प्रश्न आहे. सटाण्याच्या किंवा देवरुखच्या आगारात उभ्या असलेल्या गाडीला ब्रेक लायनर मिळणार की नाही, हा त्याहून निराळा प्रश्न आहे, आणि आपल्याला खरी चिंता या दुसऱ्या प्रश्नाची असायला हवी.

कारखाना खरोखरच बंद पडला तरी गाडी त्या दिवशी मरत नाही, याचे एक उदाहरण उत्तर अमेरिकेत घडले आहे. तिथे ओरायन नावाच्या शहरी बसगाड्या होत्या आणि न्यूयॉर्कच्या ताफ्यात त्या मोठ्या संख्येने होत्या. २०१२ मध्ये त्यांची मालक कंपनी असलेल्या डाइमलरने ओरायनचे उत्पादन गुंडाळण्याचे जाहीर केले. ही अफवा नव्हती, अधिकृत घोषणाच होती. पण पुढच्याच वर्षी न्यू फ्लायर या प्रतिस्पर्धी कंपनीने ओरायनचा सुट्या भागांचा व्यवसाय विकत घेतला आणि आधीपासून रस्त्यावर असलेल्या त्या बसगाड्या त्यानंतरही अनेक वर्षे धावत राहिल्या. म्हणून एखाद्या मॉडेलच्या भवितव्याविषयी लिहायचे असेल तर कारखान्याच्या फाटकापेक्षा सुट्या भागांच्या गोदामाकडे पाहावे, असे मला अनुभवावरून वाटते.

वायकिंगविषयी एवढेच सांगतो की, ज्या काळात ती बंद होणार असल्याचे मी ऐकत होतो त्याच काळात, म्हणजे २०२४ मध्ये, एसटी महामंडळाने अशोक लेलँडकडे २,१०४ वायकिंग बसगाड्यांची मागणी नोंदवली. नाव जुनेच राहते, मात्र नावाखालची गाडी बदलत असते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. दोन्ही वेळी जुन्या मानकाच्या वाहनांची विक्री आणि नोंदणी त्या तारखेनंतर होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे जुन्या मानकाची चासी खरोखरच बाजारातून गेली, पण तिच्या जागी त्याच नावाची नव्या इंजिनाची चासी आली. कारागिराच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. पूर्वी इंजिनाचा आवाज ऐकून आणि धुराचा रंग पाहून दोष ओळखणारा मिस्त्री आता सेन्सर तपासतो, युरियाची टाकी पाहतो आणि संगणकाला जोडून बिघाडाचा क्रमांक वाचतो. याच काळात ज्या जुन्या मिस्त्रींनी पन्नाशी उलटल्यावर ही नवी विद्या आत्मसात केली, त्यांच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्या तर मला फार समाधान होईल.

आता रस्त्यावरच्या गाडीचे आयुष्य. इथे अंदाजाची गरजच नाही, कारण नियम लिखित आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार सरकारी मालकीच्या, राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्या धरून, १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. म्हणजे साधी बेरीज करता येते. २०१० मध्ये नोंदलेली गाडी २०२५ पर्यंत. बीएस-३ ची शेवटची गाडी मार्च २०१७ मध्ये नोंदली गेली असेल तर नियमाने तिला जास्तीत जास्त २०३२ चा मार्च दिसेल, आणि बीएस-४ च्या शेवटच्या गाडीला २०३५ चा. ही वरची मर्यादा आहे. गाडी त्याआधीच थकू शकते, कारण वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते, आणि घाटरस्त्यावर पाटे, गिअर आणि ब्रेक यांची जी झीज होते ती सपाट मुलखातल्या गाडीला माहीत नसते. परंतु ‘सगळ्या एका फटक्यात जाणार’ हे या नियमातून निघत नाही. प्रत्येक गाडी आपापल्या नोंदणीच्या दिवशी जाईल, एकेक करून.

प्रवासी वाहतुकीतून निघालेली गाडी लगेच भंगारात जाते असेही नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात आसने काढून, खिडक्या बुजवून आमच्या जुन्या गाड्यांची मालवाहू वाहने करण्यात आली आणि त्यांनी लोकांचे धान्य, खते, बियाणे वाहिले. तसेच चासी दणकट असेल आणि वरचा सांगाडाच तेवढा खिळखिळा झाला असेल तर जुनी बॉडी उतरवून नवी बांधण्याची पद्धत एसटीत पूर्वापार आहे. पुनर्बांधणी झालेली गाडी आपल्याला नवी दिसते आणि कागदावर ती जुनीच असते. आपल्या चर्चांमधला गोंधळ पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

सांगाड्याचा विषय निघाला आहे तर थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा हात त्यावरच बसलेला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली ती बेडफर्ड होती. आरंभीच्या ताफ्यात शेव्हरलेट, स्टुडबेकर, अल्बियन, मॉरिस, कॉमर अशा नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या, आणि त्यांच्यापैकी एकाही नावाची गाडी आज एसटीत नाही. एसटी मात्र आहे. बॉडी आधी लाकडाची होती, मग पोलादाची झाली. पोलाद गंजते आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ते फारच लवकर गंजते, म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियम आले आणि त्याने अर्धशतकाहून अधिक काळ राज्य केले. आमच्या पिढीचा कारागीर म्हणजे रिव्हेट मारणारा कारागीर. पुढे, गेल्या दशकाच्या अखेरीस, अपघातात प्रवाशांचे संरक्षण अधिक व्हावे म्हणून पुन्हा पोलादी, म्हणजे ज्याला आपण एमएस (माइल्ड स्टील) बॉडी म्हणतो, ती बांधणी सुरू झाली.

हा बदल येऊ घातला तेव्हा आमच्या शेडमध्येही अफवा होती. रिव्हेट मारणारी सगळी माणसे घरी जाणार, आता फक्त वेल्डर लागणार, असे बोलले जात होते. माझ्याच हाताखालचा एक चांगला पोरगा त्या भीतीने काम सोडून एका खासगी गॅरेजमध्ये गेला. पुढे आम्हा सगळ्यांना वेल्डिंगचे शिक्षण मिळाले आणि कोणीही घरी गेले नाही. तो मुलगा मात्र परत येऊ शकला नाही. ज्याने ती अफवा पहिल्यांदा उच्चारली त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. त्याला फक्त आपल्याला आधी कळले आहे असे दाखवायचे होते.

आणि तरीही कार्यशाळांविषयीच्या बातम्यांत जी खरी चिंता आहे ती मी नाकारणार नाही. ज्या २,१०४ गाड्यांचा उल्लेख मी वर केला, त्या अशोक लेलँडनेच पूर्ण बांधून द्यायच्या असे ठरले. म्हणजे नुसती चासी येऊन आमच्या शेडमध्ये गाडी उभी राहते, तसा हा व्यवहार नाही. बस बॉडीसंबंधीची मानके कडक होत गेली, प्रत्येक रचनेला मान्यता घ्यावी लागते, आणि गाड्या तातडीने हव्या असतील तर तयार गाडी घेणे महामंडळाला सोयीचे वाटते, हे मी समजू शकतो. पण बांधणी कमी झाली की हात विसरतात. नवी मुले शिकाऊ म्हणून येतील तेव्हा त्यांना सांगाडा उभा करायला कोण शिकवणार? कोकणातल्या गाडीच्या कोणत्या सांध्यात पाणी साचते आणि तिथे काय करायचे, हे कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले नसते. माझे आपल्याला सांगणे असे आहे की ‘कार्यशाळांना टाळे’ ही अफवा सोडून द्यावी आणि ‘कार्यशाळांत या वर्षी किती गाड्यांची बांधणी झाली’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर माहितीच्या अधिकारात मिळते. अफवा असेल तर प्रशासनाला एवढेच म्हणून सुटता येते की हे खोटे आहे. नेमक्या प्रश्नाला तसे म्हणता येत नाही.

मुंबईच्या डबलडेकरचे आपल्याला आठवत असेल. १९३७ मध्ये सुरू झालेली ती गाडी ‘कायमची बंद होणार’ असे कित्येक वर्षे लिहिले जात होते. शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणाऱ्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर धावली आणि लोकांनी तिला हार घालून निरोप दिला. तो निरोप पाहून माझेही डोळे भरून आले. परंतु त्याआधी काही महिने, फेब्रुवारी २०२३ मध्ये, विजेवर चालणारी दुमजली बस प्रवाशांच्या सेवेत दाखल झालेली होती, आणि ती बनवणारी स्विच ही कंपनी जुन्या डबलडेकर बनवणाऱ्या अशोक लेलँडच्याच घरातली आहे. ‘डिझेलची गेली’ आणि ‘दुमजली गेली’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

विजेच्या गाड्यांबाबत घाई दोन्ही बाजूंनी होते. १ जून २०२२ रोजी पुणे–नगर या आपल्या पहिल्याच मार्गावर शिवाई धावली तेव्हा आता डिझेलचे दिवस भरले असे म्हटले गेले. पुढे भाडेतत्त्वावरच्या ५,१५० विजेच्या गाड्यांचा मोठा करार झाला, त्या ठरलेल्या वेळेत आल्या नाहीत, आणि मग विजेची गाडी एसटीत चालणारच नाही असे लिहिले गेले. या दोन टोकांच्या मध्ये जुनी गाडी रोज पहाटे निघत राहिली. २०२० च्या सुमारास अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा पुढच्या काही वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास आला. नवी गाडी येण्यास उशीर झाला की जुन्या गाडीवर फेऱ्यांचा भार वाढतो, मार्गस्थ बिघाड वाढतात, आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून ‘ही गाडी आता भंगारात काढा’ असे म्हणतात. ती गाडी बिचारी दुसऱ्या गाडीच्या वाटचेही पळत असते.

महामंडळाच्या अधिकाऱ्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. कोणत्या मालिकेच्या किती गाड्या कोणत्या वर्षी नोंदणीबाहेर जाणार आहेत, त्यांच्या जागी काय येणार आहे आणि कोणत्या आगाराला येणार आहे, हे दरवर्षी १ जूनच्या वर्धापनदिनी एका पानावर जाहीर करावे. ही माहिती महामंडळाकडे असतेच. ती बाहेर आली तर मुक्कामी गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला कोणाच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आपल्याला मात्र त्या पानाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे वाचता येईल अशी खूण प्रत्येक गाडीच्या कपाळावर आहे. एमएच १४ दिसले की ती दापोडीची, एमएच २० म्हणजे चिकलठाण्याची, एमएच ४० म्हणजे हिंगण्याची, हे आपल्यापैकी लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि पुढच्या अक्षरांवरून मालिका कोणत्या सुमाराची ते आपण जाणता. माझी विनंती अशी की, यापुढे एखाद्या गाडीविषयी ‘बंद होणार’ असे लिहायचे झाल्यास सोबत तीन गोष्टी लिहाव्यात : तिची नोंदणी कोणत्या वर्षीची, बंद होणार म्हणजे नेमके काय थांबणार, आणि हे आपल्याला कोणत्या कागदावरून कळले. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते वाक्य लिहू नये.

आणि एक काम सुचवतो. आषाढीला पंढरपुरात राज्यातल्या सगळ्या विभागांच्या गाड्या येतात आणि तात्पुरत्या बसस्थानकांवर रांगेने उभ्या राहतात. एवढ्या मालिका, एवढ्या बांधणी, ॲल्युमिनियम आणि पोलाद शेजारी शेजारी, वर्षातून एकदाच एका ठिकाणी पाहायला मिळतात. आपण सगळ्यांनी तिथे दोन दिवस वह्या घेऊन उभे राहावे आणि गाडी, मालिका, विभाग, बांधणीचे वर्ष अशी नोंद करून ती सर्वांसाठी खुली ठेवावी. मला फार चालवत नाही, पण एका जागी बसून सांगाडा ओळखून देण्याचे काम मी आनंदाने करीन. विठ्ठलाचे दर्शन आणि माझ्या हातून गेलेल्या गाड्यांची भेट, दोन्ही एकाच फेरीत होईल.

आपला,
एसटीच्या कार्यशाळेतील एक निवृत्त कारागीर